अंगणातला काळा डाग

भगिनींनो, लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा हळदीचा डाग कसा काढावा, मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर काय करावं, असं पुष्कळ काही आपण या पानावर बोललो. आजही एका डागाचीच गोष्ट सांगणार आहे. हा डाग मात्र साडीवरचा नाही, अंगणातल्या फरशीवरचा आहे. आणि तो काढण्यात आमच्या वन्सं इतक्या तरबेज झाल्या की त्यापायी गाडीचं इंजिन गेलं!

आमच्या वन्सं रोहिणखेडला असतात. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातलं हे घाटाखालचं गाव. १४३७ आणि १५९० साली इथे दोन मोठ्या लढाया झाल्या, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव येतं. संसार करणाऱ्या बाईच्या लेखी मात्र रोहिणखेड म्हणजे काळी माती, कापूस, उन्हाळ्यातला फुफाटा; आणि घरात कुणाचं जास्त दुखलं-खुपलं तर बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चढावा लागणारा घाट.

भाऊजी नोकरीसाठी नाशिकला. घरी सासूबाई, दोन मुलं आणि दारात पेट्रोलवरची एक लहान गाडी. चाळिशी ओलांडल्यावर वन्सं ती चालवायला शिकल्या, याचं आम्हां सगळ्यांनाच कौतुक. मोताळ्याचा बाजार, मुलांचा क्लास, भाऊजी आले की मलकापूर स्टेशन, वर्षातून एकदा शेगावला महाराजांचं दर्शन. एवढाच गाडीचा संसार. चौदा महिन्यांत पुरती चार हजार किलोमीटरसुद्धा फिरली नव्हती. मध्ये एकदा वन्संनी ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारलं, "सर्व्हिसिंग करायचं का हो?" तो हसून म्हणाला, "गाडी फिरलीच कुठे वहिनी? त्याले काय होते! दहा हजार झाले की आणा."

वन्संना ते पटलं. कुणालाही पटेल. न वापरलेली वस्तू झिजत नाही, असंच आपण धरून चालतो.

त्या दिवसांत गाडी उभी असते तिथे फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा काळा तेलकट डाग दिसायचा. वन्सं पडल्या टापटिपीच्या. सोडा नि राख घेऊन रोज सकाळी तो डाग घासून काढायच्या. सासूबाईंनी एकदा विचारलंदेखील, "रोज कसला गं हा डाग?" वन्सं म्हणाल्या, "गाडीचा असेल काहीतरी." आणि फरशी पुन्हा लख्ख!

गाडीत बसल्यावर आणखी एक गोष्ट व्हायची. चढावर किंवा वळणावर समोरच्या काचेत एक लाल दिवा क्षणभर लागायचा नि विझायचा. तेलाच्या झारीसारखं चित्र, तोटीला एक थेंब. मुलगा म्हणायचा, "आई, अल्लाउद्दिनचा चिराग लागला!" सगळे हसायचे.

गेल्या वैशाखात एका दुपारी सासूबाईंना धाप लागली. छाती भरून आली, घाम फुटला. वन्संनी धाकट्याला शेजारी सोडलं, थोरल्याला बरोबर घेतलं आणि गाडी काढली. घाट अर्धा चढून होतोय तोच तो लाल दिवा लागला, आणि या वेळी विझेना. वन्संना वाटलं, आता थांबायची ही वेळ आहे का? तशाच पुढे गेल्या. दोन वळणांनंतर इंजिनातून खडखड आवाज आला, गाडीने एक आचका दिला आणि ती जागच्या जागी बंद पडली. किल्ली फिरवली तर नुसती टक्-टक्. भर उन्हात, घाटाच्या वळणावर, मागच्या सीटवर सासूबाई धापा टाकताहेत!

देवाची कृपा म्हणा की माणसांची, मागून दुधाची एक पिकअप आली. ड्रायव्हरने काही न विचारता सासूबाईंना पुढे बसवलं आणि दवाखान्यात पोचवलं. आज त्या ठीक आहेत, रोज तुळशीला पाणी घालतात. गाडीचं मात्र इंजिन जाम झालं होतं. खोलून पुन्हा बांधायला पन्नास हजारांच्या वर खर्च आला. आणि कारण काय निघालं? इंजिनाच्या तळाला तेल काढायचा जो नट असतो, त्याचा वायसर खराब झाला होता. थेंब-थेंब करत चौदा महिन्यांत तेल गळून गेलं होतं. म्हणजे वन्सं रोज सकाळी फरशीवरून पुसत होत्या ते गाडीचं रक्तच होतं म्हणायचं.

मला फोनवर रडत म्हणाल्या, "वहिनी, मी डाग काढत राहिले गं, तो कशाचा हे विचारलंच नाही."

भगिनींनो, खरं सांगते, मी त्यांना हसले नाही. त्या वेळी आमच्या गाडीचं तेल शेवटचं कधी बदललं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? गॅसचं सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं, दुधाचे खाडे किती, विम्याचा हप्ता कधी, धाकटीचा डोस कधी, सगळं आपल्याला तोंडपाठ. गाडीचं तेल मात्र "त्यांचं" काम! आणि ते घरी नसतात, किंवा असले तरी त्यांनाही वाटतं की ते गॅरेजवाल्याचं काम आहे.

पूर्वी असं नव्हतं. आमच्या मामंजींकडे प्रीमियर पद्मिनी होती, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. दर रविवारी सकाळी मामंजी बॉनेट उघडून, काडी काढून तेल बघायचे. कारण त्या गाड्या तेल खायच्या, आणि ते वरचेवर बदलावंही लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, गाड्या सुधारल्या, तेलंही सुधारली. आता पुष्कळ गाड्यांना वर्षातून एकदा तेल बदललं तरी पुरतं. ही सोय झाली खरी, पण तिच्यापायी बॉनेट उघडायची सवयच मोडली. गाडी वर्षभर काही मागत नाही, म्हणून आपणही वर्षभर तिच्या पोटात डोकावत नाही.

तेल करतं तरी काय?

इंजिनात लोखंडावर लोखंड मिनिटाला हजारो वेळा फिरत असतं. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो म्हणूनच ते एकमेकांना खात नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात ना, तेच तत्त्व. त्या वंगणात आपल्याकडे एरंडेल असायचं. आणि गंमत म्हणजे कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली पडलं तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. याशिवाय तेल आतली उष्णता वाहून नेतं, काजळी नि कचरा स्वतःत सामावून घेतं आणि आतले भाग गंजू देत नाही.

तळाच्या भांड्यात (गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात) तेल साठतं आणि तिथून पंप ते वर ओढतो. तेल कमी झालं की सपाट रस्त्यावर कसंबसं भागतं. पण गाडी घाट चढायला लागली, वळणावर कलली, की भांड्यातलं थोडंसं तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडी हवा येते. तिरक्या केलेल्या पातेल्यात डाव बुडत नाही, तसंच. वन्संचा "चिराग" वळणावरच का लागायचा, ते आता कळलं ना? तो दिवा महिनाभर आधी सांगत होता.

न फिरलेल्या गाडीचं तेल का बदलायचं?

गॅरेजवाला म्हणाला ते अर्धं खरं होतं. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आपण पहिला भाग लक्षात ठेवतो, शेवटचे चार शब्द विसरतो. आणि घरातल्या बाईच्या हाती असलेल्या गाडीला तेच चार शब्द लागू पडतात. कारण आपल्या गाडीचे किलोमीटर भरत नाहीत, महिने भरतात.

तळणीचं तेल दोन-तीनदा तळल्यावर काळं, जड होतं, हे आपण जाणतो. पण डब्यातलं तेल खवट व्हायला ते तळावंच लागतं असं नाही, हेही जाणतो. इंजिनातल्या तेलाचं तसंच आहे. त्यात आणखी एक भर. गाडी सुरू केली की इंधन जळून वाफ तयार होते. इंजिन थंड असेल तर भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला धरावी तशी ती वाफ आत धरते आणि तिचं पाणी तेलात उतरतं. थोडं न जळलेलं पेट्रोलही झिरपतं. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालली की तेल तापून हे पाणी उडून जातं. पण घर ते शाळा, शाळा ते बाजार, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल पुरतं तापतच नाही. पाणी आतच राहतं आणि पुढे तेलाचा चिखल होतो.

म्हणूनच पुस्तिकेत "कठीण परिस्थिती" किंवा "खडतर वापर" अशा नावाचं एक वेगळं कोष्टक असतं. जवळच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, कडक ऊन, सतत चढ-उतार हे सगळं त्यात बसतं. आता सांगा, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात यातलं काय नाही? अशा गाड्यांची मुदत पुष्कळदा निम्म्यावर येते. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने. तुमच्या गाडीला नेमकी किती, ते तुमच्याच पुस्तिकेत बघा. शेजारणीच्या गाडीवरून ठरवू नका. तेल बदलताना तेलाचा फिल्टर बदलायचाच. आणि आपल्याकडच्या धुळीत हवेचा फिल्टरही दर सर्व्हिसिंगला उघडून बघायला सांगायचा.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या डब्यावर "५डब्ल्यू-३०", "१०डब्ल्यू-३०", "२०डब्ल्यू-४०" असे आकडे असतात. बघून घाबरू नका. ते पाकासारखे आहेत, एकतारी नि दोनतारी.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा सांगतो की थंडीत तेल किती सहज वाहतं. पौषात खोबरेलाची बाटली चुलीपाशी ठेवावी लागते, करडईचं तेल मात्र सहज ओतता येतं. तसा हा फरक. आकडा जितका लहान, तितकं सकाळी गाडी सुरू करताना तेल लवकर वर पोचतं. आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होत असते. दुसरा आकडा सांगतो की इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं. आकडा मोठा, तेल दाट.

मग दाट चांगलं की पातळ? दोन्ही चांगलं नि दोन्ही वाईट. चिरोट्याला दाट पाक लागतो, गुलाबजामाला पातळ. जुन्या गाड्यांचे आतले भाग सैल, त्यांना दाट तेल मानवायचं. नव्या गाड्यांच्या आतल्या फटी केसापेक्षा बारीक, तिथे दाट तेल लवकर शिरत नाही. तेव्हा पुस्तिकेत जो आकडा असेल तोच घ्यायचा.

आकड्यांच्या जोडीला दर्जाची अक्षरं असतात. पेट्रोल गाडीच्या तेलावर "एस"ने सुरू होणारी: एसएन, एसपी अशी. डिझेलसाठी "सी"ने सुरू होणारी. "एस"च्या पुढचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढे, तितका दर्जा नवा. एसपी हा दर्जा २०२० साली आला. जुना दर्जा मागणाऱ्या पेट्रोल गाडीला नव्या दर्जाचं तेल सहसा चालतं. उलट मात्र करू नये.

दोन मिनिटांचं काम

आता प्रत्यक्ष बघू या. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी. गाडी सपाट जागेवर हवी.

१. आधी पदर खोचा, ओढणी बाजूला ठेवा, लोंबतं मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. पुष्कळ गाड्यांचा पंखा विजेवर चालतो; इंजिन गरम असलं तर बंद गाडीतही तो अचानक फिरू लागतो.

२. बॉनेट उघडून त्याचं टेकण नीट अडकवा. पिवळ्या किंवा नारिंगी कडीची एक काडी दिसेल. तिला डिपस्टिक म्हणतात.

३. ती ओढून काढा आणि जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने पुसा. पुन्हा पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा दिसतं ते खरं माप नव्हे, दुसऱ्यांदाचं खरं.

४. टोकाला दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये असलं की ठीक. खालच्या खुणेजवळ आलं असेल तर तेच तेल, त्याच आकड्याचं, पाव-पाव लिटर करत नरसाळ्याने घाला. दर वेळी थोडं थांबून पुन्हा मोजा. वरच्या खुणेपर्यंत हट्टाने भरू नका, आणि खुणेच्या वर तर नाहीच. तेल जास्त झालं तर आत त्याचा फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

५. रंग बघा. काळं दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही. कचरा पोटात घेणं हे तेलाचं कामच आहे. डिझेल गाडीत तर ते दोन दिवसांत काळं होतं. पण चहात दूध पडावं तसं ते पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलं असं समजा आणि गाडी न चालवता गॅरेजवाल्याला बोलवा.

६. शेवटी खाली वाकून गाडीखालची फरशी बघा. एसीचं पाणी पडतं, ते स्वच्छ असतं. काळा, तेलकट डाग दिसला तर घासण्याआधी एक जुना पुठ्ठा खाली सरकवा. दुसऱ्या दिवशी किती थेंब पडले ते कळेल, आणि तोच पुठ्ठा गॅरेजवाल्याला दाखवता येईल.

तेल काढून बदलण्याचं काम मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं जिवावरचं काम आहे. बघणं आपलं, बदलणं गॅरेजचं.

आणि तो लाल दिवा?

किल्ली फिरवल्यावर तो लागतो नि इंजिन सुरू झालं की विझतो, हे बरोबर. किल्ली फिरवल्यावर लागलाच नाही, तर दिव्यातच बिघाड आहे, तोही दुरुस्त करून घ्या. पण गाडी चालू असताना तो लागला, मग क्षणभर का होईना, तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. "घर आलंच", "घाट संपलाच" असं म्हणायचं नाही. तेलाचा दाब गेलेलं इंजिन मिनिट-दोन मिनिटांतही जाम होऊ शकतं. दवाखान्याची घाई असली तरी थांबा, कारण तशीच चालवलेली गाडी तुम्हांला दवाखान्यापर्यंत नेणारच नाही. दुसरं वाहन शोधण्यात गेलेली पाच मिनिटं त्यापेक्षा बरी.

गॅरेजमध्ये गेल्यावर

बाई एकटी दिसली की काही जण "तुम्ही बसा ताई, आम्ही बघतो" म्हणतात. बसू नका, उभ्या राहा. डब्याचं सील आपल्यासमोर फोडायला सांगा आणि आकडा पुस्तिकेशी ताडून बघा. काढलेला जुना फिल्टर दाखवायला सांगा. तळाच्या नटाला नवा वायसर घातला का, हे आवर्जून विचारा. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण तिच्यावाचून काय होतं ते वर वाचलंच. बिलावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचा आकडा लिहून घ्या; गाडी वॉरंटीत असेल तर ते बिल जपून ठेवा. आणि रिकामा डबा तिथे तसाच सोडू नका. त्याला भोक पाडा किंवा चिरून टाका, म्हणजे तो डबा भेसळवाल्याच्या हाती लागला तरी पुन्हा भरता येणार नाही.

तुम्ही विचारता

*घरातले म्हणतात, फुल सिंथेटिक घातलं की दोन वर्षं बघायला नको. खरं का?* — एक भगिनी, मलकापूर
नाही. सिंथेटिक तेल उन्हात नि घाटात जास्त टिकतं हे खरं. पण मुदत ठरवते ती गाडीची पुस्तिका. महाग तेल दोन वर्षं ठेवण्यापेक्षा पुस्तिकेतलं तेल वेळेवर बदललेलं बरं.

*आमचा मिस्त्री म्हणतो, विदर्भाचं ऊन कडक, म्हणून दाट तेलच घाला.* — एक वाचक, चिखली
बाहेर चव्वेचाळीस अंश असले तरी चालत्या इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या आसपास तापलेलं असतं, ते नाशिकलाही आणि मलकापूरलाही. काही पुस्तिकांत हवामानाप्रमाणे दोन-तीन आकडे दिलेले असतात. त्यातला दाट आकडा मिस्त्री सुचवत असेल तर खुशाल घ्या. कोष्टकात नसलेला घेऊ नका.

*आमची नवी डिझेल गाडी आहे. तेल कमी न होता वाढतंय! हे चांगलं ना?* — एक भगिनी, खामगाव
मुळीच नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराड्यात काजळीची गाळणी असते. लांबचा प्रवास झाला की ती काजळी जाळून स्वतःला साफ करते. नुसत्या गावातल्या फेऱ्यांत ते अर्धवट राहतं आणि डिझेल तेलात उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर तेल बदलून घ्या. या गाड्यांना कमी राखेचं खास तेल लागतं, साधं घालू नका. आणि पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर काढा.

*गाडीचं उरलेलं तेल माझ्या स्कूटरला चालेल का?* — एक भगिनी, देऊळगाव राजा
नको. गिअर नसलेल्या स्कूटरच्या डब्यावर "एमबी" आणि गिअरच्या मोटारसायकलच्या डब्यावर "एमए" लिहिलेलं असतं. मोटारसायकलचा क्लच तेलातच बुडालेला असतो. गाडीच्या तेलाने तो घसरू शकतो. ज्याचं त्याला.

*जळकं ऑइल वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावतो. चालेल ना?* — एक भगिनी, मोताळा
जुनी पद्धत आहे, पण सोडून द्या. वापरलेल्या तेलातले पदार्थ कातडीला अपायकारक असतात, मुलांचे हात चौकटीला लागतात. विहिरीजवळ, नालीत किंवा शेतातही ओतू नका. थोडंसं तेलही पुष्कळ पाणी नासवतं. ते गॅरेजमध्येच द्या, तिथून ते पुन्हा शुद्ध करायला जातं.

असो. जाता जाता एका बाईची गोष्ट सांगते. मोटारगाडीतून लांबचा प्रवास जगात सगळ्यांत आधी कुणी केला, माहीत आहे? एका बाईने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही गृहिणी, नवऱ्याने बनवलेली गाडी त्याला न सांगता घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन निघाली. कुठे? माहेरी! शंभर किलोमीटरच्या वर प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदाचं वेष्टण घातलं. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. गाडीचं काम बाईचं नाही असं कुणी म्हणालं, तर एवढं सांगा.

आणि आज हे पान मिटण्याआधी एकच करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे नि सिलिंडरची तारीख लिहिता, तिथेच तीन ओळी लिहा: तेल शेवटचं कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, पुढचं कधी, तारीख नि किलोमीटर दोन्ही. पहिल्या दोन ओळींचं उत्तर घरात कुणालाच सांगता आलं नाही, तर तेल बदलायची वेळ झाली असंच समजा.

वन्संनी आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक छोटी झारी काढून ठेवली आहे, लाल पेनाने. त्या दिवशी मुलगा बॉनेट उघडतो, वन्सं काडी बघतात आणि सासूबाई ओट्यावर बसून विचारतात, "आहे का गं तेल?"

"आहे, आत्या," वन्सं म्हणतात. मगच चहा टाकतात.